मंगळाच्या वातावरणातील ऋतुचक्र : प्रस्तावना

कोणत्याही ग्रहाच्या वातावरणात जे वायू विपुल असतात त्यांच्यावरून त्या ग्रहाचा पूर्वेतिहास कळतो. परंतु त्याचे चालू व्यवहार जाणून घ्यावयाचे असतील, तर ज्यांचे प्रमाण हजारात, लाखात किंवा अब्जात एखादा भाग एवढेच आहे, अशा वायूंकडे वळावे लागते. विपुल वायूचा साठा इतका मोठा असतो की वर्षाकाठी त्यात पडणारी भर किंवा येणारी तूट सहसा नजरेत भरत नाही. उलट ज्याची शिल्लकच मुळात तुटपुंजी, त्याच्या बाबतीत थोडीशी आवक किंवा जावकही प्रमाणात लगेच उमटते. ही आवकजावक वर्षाच्या ठरावीक काळी पुनःपुन्हा होत असेल आणि सूर्याच्या उंचीशी तिचा मेळ बसत असेल, तर त्या ग्रहाच्या जमिनीत, हिमात, आकाशात किंवा कदाचित पोटात काहीतरी व्यवहार अद्याप चालू आहे, असे मानण्यास सबळ आधार मिळतो. मंगळाच्या वातावरणातील अशा अल्प वायूंचा, त्यांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या वाढघटीचा आणि त्या वाढघटीचा अर्थ लावण्याच्या मानवी प्रयत्नांचा वृत्तान्त हा या ग्रंथाचा विषय आहे.

या अभ्यासपद्धतीचे सामर्थ्य प्रथम आपल्याच ग्रहावर सिद्ध झाले. १९५८ च्या मार्च महिन्यात चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या योजनेनुसार हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतील कार्बन डायऑक्साइडचे अखंड मोजमाप सुरू झाले. त्या वेळी हा वायू हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१३ भाग इतका होता. वर्ष दोन वर्षांतच असे दिसून आले की हे प्रमाण मे महिन्याच्या सुमारास उच्चांक गाठते, सप्टेंबर-ऑक्टोबरात नीचांकास उतरते आणि पुन्हा चढू लागते. उत्तर गोलार्धातील अरण्ये व कुरणे उन्हाळ्यात वायू शोषून घेतात आणि हिवाळ्यात पालापाचोळा कुजताना तो परत करतात, याची नोंद महासागराच्या मध्यभागी, अरण्यांपासून हजारो मैल दूर असलेल्या एका उपकरणाने घेतली होती. मात्र येथे एक गोष्ट वाचकाने प्रथमच ध्यानात घ्यावी. हा व्यवहार वनस्पतींचा आहे, हे केवळ चढउताराच्या रेषेवरून ठरले नाही. त्यासाठी कीलिंग यांनी वायूतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाणही तपासले, आणि ते वनस्पतींच्या ग्रहणाशी जुळते असे आढळल्यावरच निष्कर्ष कायम केला. ऋतू हा देवघेव झाल्याचा दाखला असतो. देणारा कोण आणि घेणारा कोण, याची रुजुवात वेगळ्या पुराव्याने करावी लागते. या संपूर्ण ग्रंथाचे प्रतिपाद्य एका वाक्यात सांगावयाचे झाले, तर ते हेच होय.

मंगळास ऋतू आहेत, हे ज्ञान नवे नाही. विल्यम हर्षेल यांनी १७८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्या ग्रहाच्या ध्रुवांवरील शुभ्र टोप ऋतुमानानुसार वाढतात व आक्रसतात हे नमूद केले होते आणि त्याच्या अक्षाचा कल सुमारे २८ अंश असल्याचे गणित मांडले होते. आधुनिक मोजमापाने तो २५ अंशांपेक्षा किंचित अधिक ठरतो, म्हणजे पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांहून फारसा निराळा नव्हे. परंतु मंगळाचे वर्ष आपल्या ६८७ दिवसांचे, आणि त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपेक्षा कितीतरी अधिक लंबवर्तुळाकार. तो सूर्याच्या सर्वांत निकट येतो तेव्हा दक्षिण गोलार्धात वसंत संपत येऊन उन्हाळ्याचे वेध लागलेले असतात. त्यामुळे दक्षिणेचा उन्हाळा आखूड पण प्रखर, धुळीच्या वादळांचा, तर उत्तरेचा उन्हाळा लांब आणि सौम्य असतो. मंगळावरील काळगणना शास्त्रज्ञांनी ११ एप्रिल १९५५ पासून धरली असून ऋतूचा निर्देश ते सूर्याच्या रेखांशाने, शून्यापासून ३६० अंशांपर्यंत करतात. पंचांगातील सायन सूर्याचा राशिप्रवेश ज्याने पाहिला आहे, अशा वाचकास ही रीत मुळीच परकी वाटणार नाही. दक्षिण आणि उत्तर यांच्या उन्हाळ्यांतील हा भेद मात्र त्याने आरंभीच मनात ठसवून घ्यावा, कारण पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वायूच्या हकीगतीत तो उपस्थित राहणार आहे.

पृथ्वीवर ऋतू बदलला तरी हवेचे एकंदर वजन बदलत नाही. मंगळावर ते बदलते. तेथील वातावरणाचा सुमारे ९५ टक्के भाग कार्बन डायऑक्साइडचा, आणि हिवाळ्यात ध्रुवप्रदेशाचे तापमान शून्याखाली सव्वाशे अंशांपर्यंत उतरत असल्यामुळे हा मुख्य वायूच गोठून जमिनीवर बसतो. रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरी यांनी १९६६ साली केवळ उष्णतेच्या गणितावरून असे भाकीत केले होते की मंगळाचे ऋतुमानी टोप पाण्याच्या हिमाचे नसून गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असावेत आणि त्यांच्या वाढघटीबरोबर सबंध ग्रहाचा वायुदाब खालीवर होत असावा. दहा वर्षांनी, १९७६ च्या जुलै व सप्टेंबर महिन्यांत उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांनी हे भाकीत अक्षरशः खरे ठरविले. पहिल्या व्हायकिंगच्या ठिकाणी दाब वर्षभरात सुमारे सातपासून नऊ मिलिबारच्या आसपास जातो आणि पुन्हा उतरतो, आणि हा क्रम पुढील वर्षी जवळजवळ तसाच्या तसा पुन्हा घडतो, असे त्यांच्या नोंदींनी दाखविले.

या प्रचंड श्वासोच्छ्वासाचा परिणाम अल्प वायूंवर होतो आणि तो समजून घेतल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नाही. आरगॉन हा वायू मंगळाच्या हवेत सुमारे दोन टक्के आहे. तो कशाशी संयोग पावत नाही आणि तेथील थंडीत गोठतही नाही. म्हणून दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात कार्बन डायऑक्साइड बर्फ होऊन खाली बसला की मागे उरलेल्या हवेत आरगॉनचे प्रमाण आपोआप वाढते. मार्स ओडिसी या यानावरील गॅमा-किरण वर्णपटमापकाच्या आधारे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ही वाढ दक्षिण ध्रुवावर सुमारे सहापट होती. आरगॉनचा एक अणूही नव्याने निर्माण झालेला नव्हता. आजूबाजूचा वायू उठून गेला होता, इतकेच. एखाद्या वायूचे प्रमाण ऋतुमानानुसार वाढले असे ऐकल्याबरोबर त्याच्या उगमाचा शोध घेण्यास धावणाऱ्या जिज्ञासूने हे उदाहरण कायम स्मरणात ठेवावे. आरगॉनची चाल वजा घातल्यावर जे उरते, तेवढेच त्या वायूचे स्वतःचे चरित्र.

ऋतूंच्या साक्षीवरून घाईने निकाल देण्याची प्रवृत्ती मंगळाच्या बाबतीत फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास या ग्रंथात विस्ताराने देण्याचे कारण इतिहासाची हौस हे नाही. वसंतात ध्रुवाचा टोप वितळू लागला की मंगळावरील काळसर प्रदेश ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे क्रमाक्रमाने गडद होत जातात, असे एकोणिसाव्या शतकापासून अनेक वेधकर्त्यांनी नोंदविले होते, आणि वितळलेल्या पाण्याबरोबर तेथे वनस्पती तरारून उठत असाव्यात, हे त्याचे स्पष्टीकरण दीर्घकाळ आदराने ऐकले जात होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम सिंटन यांना मंगळाच्या अवरक्त वर्णपटात साडेतीन मायक्रॉनच्या आसपास काही पट्टे आढळले. कार्बन व हायड्रोजन यांच्या बंधाचे, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचे, ते लक्षण मानले गेले. परंतु १९६५ साली असे निष्पन्न झाले की त्यांतील महत्त्वाचे पट्टे पृथ्वीच्याच हवेतील जड पाण्याच्या वाफेचे होते. ते गडद होणारे प्रदेशही वाऱ्याने धूळ उडून जाण्याचा व बसण्याचा परिणाम आहेत, हे कार्ल सेगन आणि जेम्स पोलॅक यांनी सुचविले, आणि १९७१ च्या नोव्हेंबरात मंगळाच्या कक्षेत गेलेल्या मरिनर ९ ने त्यास पुष्टी दिली. १९६९ साली मरिनर ७ च्या अवरक्त उपकरणावर काम करणाऱ्या जॉर्ज पिमेंटेल यांच्या गटाने दक्षिण टोपाच्या कडेवर मिथेन व अमोनिया असल्याची शक्यता जाहीर केली. थोड्याच अवधीत ती लक्षणे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असल्याचे ध्यानी आले आणि त्यांनी ते विधान परत घेतले. ही सर्व मंडळी विद्वान आणि प्रामाणिक होती. त्यांचे निरीक्षण चुकले असेही सर्वत्र म्हणता येत नाही. निरीक्षणावर जेवढा भार टाकता येत होता, त्याहून अधिक भार त्यावर टाकला गेला.

जेथे हा भार योग्य प्रमाणात टाकला गेला, अशी उदाहरणे पाण्याच्या वाफेची आणि ओझोनची. मंगळाच्या हवेत पाण्याची वाफ आहे हे १९६३ साली हायरन स्पिनरॅड, गीडो म्युंख आणि लुइस कॅप्लन यांनी माउंट विल्सनच्या मोठ्या दुर्बिणीवरून घेतलेल्या वर्णपटाने निश्चितपणे दाखविले. तिचे ऋतुचक्र उलगडले ते व्हायकिंगच्या कक्षायानांनी. मंगळाच्या आकाशातील सारी वाफ द्रवरूप करून जमिनीवर पसरली, तर तिचा थर सरासरीने मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास भरेल. परंतु उत्तरेच्या उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइडचे आवरण उडून जाऊन ध्रुवावरचे पाण्याचे कायम हिम उघडे पडते, तेव्हा त्या परिसरात हा थर सुमारे दहा पटींनी वाढून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या जवळ पोहोचतो. नंतर ती वाफ दक्षिणेकडे सरकते, विरते, आणि हिवाळ्यात पुन्हा हिमरूप होते.

ओझोनची चाल याच्या अगदी उलट. मरिनर ७ ला दक्षिण ध्रुवाजवळ तो प्रथम आढळला, आणि मरिनर ९ ने दाखविले की हिवाळ्यातील ध्रुवप्रदेशावर तो साठत जातो व उन्हाळा आला की नाहीसा होतो. कारण असे : सूर्याचे जंबुपार किरण पाण्याच्या वाफेचे विघटन करतात, त्यातून हायड्रोजनचे आणि हायड्रॉक्सिलचे अत्यंत क्रियाशील कण सुटतात, आणि हे कण ओझोनचा नाश करतात. ज्या ऋतूत व ज्या प्रदेशात वाफ अधिक, तेथे ओझोन कमी. जेथे थंडीने हवा कोरडी, तेथे ओझोन अधिक. ही विषमता केवळ कुतूहलाची बाब नाही. सूर्यप्रकाश कार्बन डायऑक्साइडचे अहोरात्र विघटन करीत असता मंगळाची हवा आजवर कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांनी भरून कशी गेली नाही, हे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते. नुसत्या गणिताने पाहिले तर काही हजार वर्षांत ती तशी व्हावयास हवी होती. १९७२ साली मॅकएल्रॉय व डोनाह्यू यांनी, आणि त्याच वर्षी पार्किन्सन व हंटन यांनी, असे प्रतिपादन केले की वाफेपासून सुटणारे हेच क्रियाशील कण उत्प्रेरकाचे कार्य करून विभक्त झालेल्या द्रव्यांना पुन्हा कार्बन डायऑक्साइडमध्ये जोडून देतात. ओझोनचे ऋतुमानी वाढणे-घटणे ही त्या अदृश्य दुरुस्तीकामाची दृश्य पावती होय. दोन वायू परस्परांविरुद्ध दिशेने चालतात, त्यांना बांधणारी रासायनिक शृंखला प्रयोगशाळेत तपासलेली आहे, आणि वर्षामागून वर्षे तोच क्रम पुन्हा येतो : ऋतुचक्राचा खुलासा कसा असावा, याचा हा आदर्श मानावयास हरकत नाही.

प्राणवायूच्या बाबतीत मात्र हा आदर्श अपुरा पडतो. क्युरिऑसिटी हे यान ऑगस्ट २०१२ मध्ये विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे १५४ किलोमीटर व्यासाच्या गेल विवरात उतरले. त्यावरील सॅम नावाच्या उपकरणसंचाने मंगळाच्या जवळजवळ तीन वर्षांत हवेची जी पृथक्करणे केली, ती मेलिसा ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. त्या सहकाऱ्यांत भारतीय वंशाचे ज्येष्ठ ग्रहवैज्ञानिक सुशील अत्रेय यांचा समावेश होता. नायट्रोजन आणि आरगॉन यांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे वायुदाबाच्या चक्रास अनुसरून बदलत गेले. प्राणवायू, ज्याचे प्रमाण हजारात दीडपावणेदोन भाग एवढेच, तोही तसाच वागावयास हवा होता. परंतु वसंत आणि उन्हाळ्यात तो अपेक्षित पातळीहून सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वर चढला आणि शरद ऋतूत पुन्हा खाली आला. शिवाय ही चढ दर वर्षी सारखी नव्हती. सूर्यप्रकाशाने कार्बन डायऑक्साइड किंवा वाफ फुटून इतका प्राणवायू इतक्या अल्प मुदतीत निर्माण होऊ शकत नाही, आणि तितक्याच त्वरेने तो नष्ट होण्याचाही मार्ग हवेत आढळत नाही. तेव्हा लक्ष साहजिकच जमिनीकडे वळते. मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार असल्याचे २००८ साली फिनिक्स यानाने दाखविले आहे. असे क्षार व पेरॉक्साइडे ऋतुमानानुसार प्राणवायू सोडीत व शोषीत असावीत, ही कल्पना पुढे आली आहे. परंतु आवश्यक तेवढा वायू आवश्यक तेवढ्या वेगाने देण्याची त्यांची ऐपत अद्याप सिद्ध व्हावयाची आहे.

आता ज्या वायूमुळे हा विषय सामान्य वृत्तपत्रांच्या स्तंभांत पोहोचला, त्या मिथेनकडे वळू. पृथ्वीच्या हवेत मिथेन अब्जात अठराशे भागांहून अधिक आहे आणि त्याचा मोठा हिस्सा सजीवांपासून येतो; दलदली, भातखाचरे, रवंथ करणारी जनावरे ही त्याची परिचित उगमस्थाने. परंतु ऑलिव्हिन नावाच्या खनिजावर पाण्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटल्यास, त्यापासून जीवसृष्टीच्या साहाय्यावाचूनही मिथेन बनू शकतो. २००४ साली व्हित्तोरिओ फॉर्मिसानो यांच्या गटाने मार्स एक्सप्रेस यानावरील उपकरणाच्या आधारे मंगळाच्या हवेत सरासरीने अब्जात सुमारे दहा भाग मिथेन असल्याचे जाहीर केले. मायकेल ममा यांच्या गटाने २००३ साली पृथ्वीवरून केलेल्या वेधांचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध केला; त्यानुसार मंगळाच्या उत्तरेकडील उन्हाळ्यात काही विशिष्ट प्रदेशांवर मिथेनचे लोट उठले होते आणि मुख्य लोटात सुमारे १९,००० टन वायू होता. पृथ्वीच्या मिथेनयुक्त हवेतून मंगळाचा मिथेन पाहावयाचा, तर दोन ग्रहांच्या सापेक्ष गतीमुळे वर्णरेषा किंचित सरकते त्या सरकण्याचाच आधार घ्यावा लागतो. केव्हिन झान्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली नेमक्या याच ठिकाणी आक्षेप नोंदविला की आपल्या हवेची रेषा आणि मंगळाची रेषा यांची पुरेशी फारकत या वेधांत झालेली नाही. सिंटन यांच्या पट्ट्यांची गोष्ट ज्याने वाचली आहे, त्यास या आक्षेपाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

तेव्हा प्रत्यक्ष मंगळावर जाऊन मोजणे हाच मार्ग उरला, आणि ते मोजमाप कसे होते, हे जवळून पाहण्याजोगे आहे. क्युरिऑसिटीवरील लेझर वर्णपटमापकात सुमारे वीस सेंटिमीटर लांबीची एक बंद नळी आहे. तिच्या दोन टोकांस आरसे आहेत. मंगळाची हवा तीत भरून ३.३ मायक्रॉनच्या आसपासच्या लेझर प्रकाशाचा किरण आत सोडला जातो. तो दोन आरशांमध्ये ८१ फेऱ्या करतो आणि अशा रीतीने जवळजवळ १७ मीटरचे अंतर हवेतून कापतो. वाटेत मिथेनचे रेणू असतील तर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश यत्किंचित कमी होतो, आणि त्या कमतरतेवरून प्रमाण काढले जाते. प्रथम हे उपकरण काहीच निश्चित सांगेना. २०१३ साली अब्जात १.३ भाग ही केवळ वरची मर्यादा तेवढी जाहीर करता आली. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड आधीच शोषून टाकून मिथेनचे सापेक्ष प्रमाण वाढविण्याची युक्ती योजिली गेली, तेव्हा मोजमाप सूक्ष्म झाले. क्रिस वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून २०१८ मध्ये मंगळाच्या तीन वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला : गेल विवरातील मिथेनचे मूळ प्रमाण अब्जात ०.२४ पासून ०.६५ भागांपर्यंत बदलते, आणि उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे दक्षिणेच्या हिवाळ्याच्या शेवटी, ते कमाल होते. यांखेरीज कधीकधी अकस्मात उसळी येते. जून २०१९ मध्ये ती अब्जात २१ भागांपर्यंत गेली होती.

यातील अडचण अशी. सूर्यप्रकाशाच्या क्रियेने मंगळाच्या हवेतील मिथेन नष्ट होण्यास सुमारे तीन शतके लागतात, आणि वारे त्यास काही महिन्यांतच सर्व ग्रहभर पसरवितात. ज्या वायूचे आयुष्य शतकांचे, त्याची शिल्लक एका ऋतूत दुपटीहून अधिक चढते आणि पुढील ऋतूत उतरते, हे रसायनशास्त्राच्या ज्ञात नियमांत बसत नाही. त्यातच २०१६ च्या मार्चमध्ये बैकानूरहून निघालेल्या आणि एप्रिल २०१८ पासून वेध घेऊ लागलेल्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या युरोप-रशियाच्या संयुक्त यानाने दुसरी साक्ष दिली. मंगळाच्या क्षितिजावर उगवत्या-मावळत्या सूर्याचा प्रकाश हवेतून गाळून येताना तपासणाऱ्या या यानाची उपकरणे इतकी सूक्ष्मग्राही आहेत की अब्जातील एका भागाच्या विसाव्या हिश्शाएवढा मिथेनही त्यांच्या नजरेतून सुटू नये. आणि त्यांना मिथेन मुळीच आढळला नाही. पुढील वेधांनी ही मर्यादा आणखी खाली आणली. २०२० साली गेल विवरातील मोजमापांची सांख्यिकीच्या अंगाने फेरतपासणी झाली, आणि ठळक ऋतुचक्र सिद्ध करण्यास ती पुरेशी नाहीत, असे मत पडले.

दोन्ही साक्षी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य आहे काय? गेल विवरातील मोजमापे बहुतांशी रात्रीची आहेत; रात्री हवा स्थिर असते आणि जमिनीतून झिरपणारा वायू खालच्या थरात साठून राहू शकतो, तर दिवसा तापलेली हवा वर उसळून त्यास विखरून टाकते. जॉन मूर्स यांच्या गटाने हे २०१९ साली सुचविले, आणि पुढे क्युरिऑसिटीने दिवसा घेतलेल्या नमुन्यांत मिथेन जवळजवळ शून्य भरला. ऋतुमानाचा चढउतारही मातीच्या कणांना मिथेन थंडीत चिकटून राहणे आणि उष्णतेने सुटणे यांनी काही अंशी समजू शकतो. तथापि झिरपणारा वायू दिवसेंदिवस वरच्या हवेत मिसळत राहिला, तर कालांतराने तो कक्षायानास दिसलाच पाहिजे. तो दिसत नाही, यावरून एकतर अशी झिरप फारच थोड्या ठिकाणी होते, किंवा मिथेनचा नाश करणारी एखादी अज्ञात क्रिया तेथे चालू आहे, किंवा उपकरणाच्या पोटातच काही दोष दडलेला आहे, असे तीन पर्याय उरतात. यानाबरोबर पृथ्वीवरून गेलेली थोडी हवा त्या उपकरणाच्या पुढील कक्षात राहिली होती आणि तीत मिथेन होता, ही गोष्ट स्वतः संशोधकांनीच नमूद केलेली असल्यामुळे तिसरा पर्यायही दफ्तरातून काढून टाकता येत नाही. खटला तहकूब आहे.

भारतीय वाचकास या प्रकरणात जवळीक वाटावी असा एक धागा आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावलेले इस्रोचे मंगळयान ज्या पाच उपकरणांसह गेले, त्यांत अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात तयार झालेला मिथेन-संवेदक होता. मिथेनचे प्रमाण निश्चित करण्यास लागणारी वर्णपटीय सूक्ष्मता त्याच्या रचनेत साधली नव्हती. म्हणून त्याचा उपयोग मंगळाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाचे नकाशे करण्याकडे झाला. ज्या राष्ट्राने पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठली, त्याने आपल्या मोजक्या उपकरणांत या वायूस स्थान द्यावे, यावरून हा प्रश्न त्या काळी किती महत्त्वाचा मानला जात होता हे दिसते. उत्तर मिळाले नसले तरी प्रश्नाची निवड अचूक होती, आणि पुढील भारतीय यानांनी तो पुन्हा हाती घ्यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मिथेनच्या शोधार्थ गेलेल्या ट्रेस गॅस ऑर्बिटरला एक वायू मात्र खरोखरच सापडला, आणि तो होता हायड्रोजन क्लोराइड. २०१८ साली सर्व ग्रह व्यापणारे धुळीचे वादळ उठले, ज्यात ऑपॉर्च्युनिटी यानाचा अंत झाला, त्या वादळाच्या काळात अब्जात एक ते चार भाग इतका हा वायू हवेत प्रकट झाला आणि पुढे दिसेनासा झाला. वादळाचा हा एकवेळचा परिणाम असावा अशी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु पुढील मंगळवर्षी तसे ग्रहव्यापी वादळ नसतानाही दक्षिणेच्या उन्हाळ्यात, धुळीच्या नेहमीच्या मोसमात, तो पुन्हा उपस्थित झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हा शोध या ग्रंथाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. उडालेल्या धुळीतील क्लोरीनयुक्त क्षार आणि त्याच ऋतूत वर चढणारी पाण्याची वाफ यांच्या संयोगातून हा वायू बनत असावा, असे संशोधकांनी सुचविले आहे. दक्षिणेच्या याच उष्ण मोसमात वाफ उंच थरांत पोहोचते, तेथे फुटते आणि तिचा हायड्रोजन अवकाशात निसटतो. मंगळाने आपले पाणी कसे गमावले, या महाप्रश्नाचे एक उत्तर अशा प्रकारे प्रतिवर्षी, एका ठरावीक ऋतूत, आपल्या डोळ्यांसमोर लिहिले जात आहे.

ग्रंथाची मांडणी या क्रमास अनुसरूनच केली आहे. आरंभीच्या प्रकरणांत मंगळाचे वर्ष, त्याचे ऋतू आणि मुख्य वायूचे चक्र येते. मधल्या भागात वाफ, ओझोन व कार्बन मोनॉक्साइड यांचे सुस्थापित ज्ञान. आणि अखेरीस प्राणवायू, मिथेन व हायड्रोजन क्लोराइड यांचे वादग्रस्त किंवा नूतन प्रश्न. प्रत्येक वायूस मी तेच तीन प्रश्न क्रमाने विचारले आहेत. मुख्य वायूच्या गोठण्या-वितळण्याचा परिणाम वजा केल्यावर काही चढउतार शिल्लक राहतो काय? राहत असल्यास तो एकाहून अधिक वर्षांत आणि एकाहून अधिक साधनांनी दिसला आहे काय? आणि ज्याच्यावर त्याचे कर्तृत्व लादले जात आहे, त्याची तेवढा वायू तेवढ्या मुदतीत देण्याची वा घेण्याची क्षमता स्वतंत्रपणे सिद्ध झाली आहे काय? वाफ आणि ओझोन तिन्ही कसोट्यांस उतरतात. हायड्रोजन क्लोराइड दोहोंस उतरला असून तिसरीच्या उंबरठ्यावर उभा आहे. प्राणवायू पहिल्या कसोटीस उतरतो, पण त्याची साक्ष अद्याप एकाच साधनाची आहे. मिथेन दुसऱ्या कसोटीपाशीच अडला आहे.

मंगळावर जीवसृष्टी आहे काय, या प्रश्नाचे आकर्षण मलाही आहे, आणि ते नसते तर हा ग्रंथ लिहिण्याचा खटाटोप मी केला नसता. तथापि माझी अशी दृढ धारणा आहे की या प्रश्नास न्याय द्यावयाचा असेल, तर प्रथम मंगळाच्या निर्जीव व्यवहारांचा हिशेब चोख झाला पाहिजे. धूळ, हिम, क्षार, सूर्यप्रकाश आणि वारे यांच्याकडून काय काय घडू शकते, हे पूर्णपणे उलगडल्यानंतर जी बाकी उरेल, तिच्यावरच सजीवांचा दावा सांगता येईल. आणि बाकी काही उरली नाही, तरी ज्या ग्रहावर पानही हलत नाही अशा ग्रहाच्या हवेला प्रतिवर्षी इतका सुसंगत आणि इतका समृद्ध ऋतुक्रम असावा, हे ज्ञान मानवी बुद्धीच्या श्रमांस पुरेसे मोल देणारे आहे. या श्रमांत वाचकाने पुढील पृष्ठांतून सहभागी व्हावे, आकडे आले तरी थबकू नये, आणि कोणताही निष्कर्ष, माझा असला तरीही, वरील तीन प्रश्न विचारल्यावाचून स्वीकारू नये, एवढीच विनंती करून मी ग्रंथ त्याच्या हाती सोपवितो.